बरणीतली कोरी चिठ्ठी

मी एक जुनी पाकट मासळी आहे. चपटी, राखाडी, शेपटीवर काट्यांची रांग. मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नाही, यात तुमचा काही दोष नाही. माझ्या जातीतली एकच मासळी आजवर माणसांच्या हाती लागली आहे, आणि ती म्हणजे मी!

जिथे उजेड पोहोचत नाही अशा खोल पाण्यात मी वाढले. आईने चामड्यासारख्या पिशवीत अंडं ठेवलं आणि ती निघून गेली. आमच्यात लाडबीड नसतात. एके दिवशी तळापर्यंत जाळं आलं आणि माझं पोहणं संपलं.

संग्रहालयात मला स्पिरिटच्या बरणीत ठेवलं. सोबत एक चिठ्ठी सोडली. कुठे सापडली, किती खोल, सगळं तीत होतं, तेही शिसपेन्सिलीने, कारण स्पिरिटमध्ये शाई टिकत नाही. पहिली काही वर्षं माझं भारी कौतुक झालं. मग मला मागच्या खोलीत, खालच्या फळीवर हलवलं.

तिथे बरण्या सांभाळणारे काका फार मायाळू. कमी झालेलं स्पिरिट भरायचे, धूळ पुसायचे. आधी ते दफ्तरात कारकून होते, अक्षर अगदी मोत्यासारखं. माझी पिवळी पडलेली चिठ्ठी बघून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी ती नव्या कागदावर निळ्या शाईने उतरवली, नवी बरणीत सोडली आणि जुनी फाडून टाकली. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आठवड्याभरात माझ्याभोवतीचं स्पिरिट निळसर झालं आणि चिठ्ठी कोरी. माझी नोंद असलेली संग्रहालयाची वही तर वाळवीने केव्हाच फस्त केली होती.

पुढे एक संशोधक बाई आल्या. खोल समुद्रात आता मोठमोठी जाळी ओढतात म्हणे. माझा ठावठिकाणा कळला, तर तेवढा भाग जाळ्यांपासून राखता येणार होता. बाईंनी कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला.

"काका, ही सापडली कुठे?"

काकांनी तो कोरा कागद हातात घेतला. मग म्हणाले, "बाई, मीच पुसलं हो. नीटनेटकं दिसावं म्हणून. काय लिहिलं होतं, तेही आता आठवत नाही."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीने नवी चिठ्ठी लिहिली, 'ठिकाण माहीत नाही', आणि बरणीत सोडली. काका तोंड फिरवून डोळे पुसत राहिले.

मित्रांनो, जुनं काही साफ करायला घ्याल, तेव्हा आधी जाणत्याला विचारा. मला ते ठिकाण पक्कं ठाऊक आहे. तुमच्याशी बोलते तसं त्या बाईंशी बोलता आलं असतं, तर एवढंच सांगितलं असतं, की तिथे माझी लेकरं आहेत.