साट्यातली जासूद

"नाव सांग त्याचं!"

हमीरच्या हातात बहिणीचा फोन होता. आतले नंबर त्याने वरपासून खालपर्यंत चाळले होते. दूधमंडळीचे चेअरमन, जनावरांचा डॉक्टर, पालनपूरची मावशी, टँकरवाला. टँकरवाल्यापाशी त्याचं बोट अडलं होतं.

"हाच ना? हा टकल्या?"

"भाई, त्याला नातवंडं आहेत," जासूद म्हणाली. "आणि दूध कमी भरलं की मला शिव्या घालतो. त्याच्याबरोबर कशाला पळू मी?"

काडकन कानाखाली बसली. चुलीपुढे त्यांची आई, बा, बाजरीचे रोटले थापत होती. तिचा हात काही थांबला नाही. "अजून एक दे," ती म्हणाली. "जीभ बघ कशी चालते. नांदायच्या वेळी मात्र तोंडात मिठाची गुळणी."

आता कुणी म्हणेल, एक बाई सासरी नांदत नाही, तर त्यात एवढं आभाळ कोसळायला काय झालं? पण ह्या खारवासण गावात लग्न म्हणजे साटं. तुमची द्या, आमची घ्या. जासूद थरोड्याच्या करसनला दिली आणि करसनची बहीण केसर हमीरला आणली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकली. दोघी एकमेकींच्या नणंदा आणि दोघी एकमेकींच्या भावजया, म्हणजे टोमणे मारायचे तरी कुणी कुणाला, तिथेही बरोबरीच. आणि नियम उघडा आहे. एक माघारी आली की दुसरीनेही आपल्या बापाच्या घरी चालू लागायचं. मुलं मात्र जिथली तिथे राहायची, कारण मुलं बापाची.

जासूद होळीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. तेव्हा केसरचे दिवस भरत आले होते, मग बाळंतपण, मग ओली बाळंतीण, म्हणून थरोड्याच्या लोकांनी दम धरला. आता पौष लागला होता. केसरचा विरम अंगणभर रांगत होता, पण अजून अंगावर पीत होता. थोरली धरा तर आईचा घागरा सोडत नव्हती. आणि करसनचा बाप देवजी याने निरोप धाडला होता, रविवारी माणसं घेऊन येतो. जासूद तरी गाडीत बसेल, नाहीतर केसर तरी.

करसन वाईट असता तर सगळं सोपं होतं. पण तो दारूला शिवत नव्हता, बायकोवर हात उचलत नव्हता, डीशाच्या बाजारातून आठवणीने तिच्यासाठी शेव आणायचा. फक्त रात्री त्याने जवळ घेतलं की जासूदचं अंग लाकूड व्हायचं. तो बिचारा "झोप, झोप" म्हणत कूस बदलायचा. सासूने भगत बोलावला. त्याने लिंबं उतरली, मोरपिसांनी झोडपलं, कुणीतरी चिंचेखालची बाई धरून बसलीय म्हणाला. मग डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, सगळं ठाकठीक आहे. ते ऐकून जासूद बाहेरच्या बाकावर बसून रडली. आजार निघाला असता तर औषध तरी मिळालं असतं.

माहेरी राहिली तशी ती दूधमंडळीत, गावच्या डेअरीत, कामाला लागली. सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध घ्यायचं, मशीनवर फॅट बघायचं. पावसाळ्यात मंडळीने तिला मेहसाण्याला शिकायला धाडलं. तिथे वसतिगृहात तिच्या खोलीत आणंदकडची कोकिला होती. थोराड बाई, हसायची तर तीन खोल्यांना ऐकू जायचं. जेवताना जासूदने आपलं सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं, बेन?"

"मी आणि मंजुळा."

"मंजुळा म्हणजे बहीण?"

"बहीण कशाला? माझं माणूस आहे ती," कोकिला म्हणाली आणि तिने आणखी एक डाव भेंडी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी कपडे धुताना, आजूबाजूला कुणी नाहीसं बघून, जासूदने विचारलं, "असं असतं?"

"असतं म्हणजे? मी काय भूत आहे होय तुझ्यासमोर?"

"आणि कळतं कसं?"

कोकिलाने पिळा झटकला. "काही चांगलं दिसलं, चांगलं खाल्लं, तर आधी कोण आठवतं तुला? नवरा?"

जासूदला उत्तर शोधावं लागलं नाही. केसर. मांडवात दोन नवऱ्या शेजारी-शेजारी बसवल्या होत्या, तेव्हा घुंगटाआडून ती आपल्या नवऱ्याकडे बघायची सोडून दुसऱ्या नवरीच्या मेंदीच्या पावलांकडे बघत राहिली होती. आणि तिच्या मनात आलं होतं, हिला आमच्या घरी नेताहेत आणि मला हिच्या घरातून जायचंय, हे काय बाई उफराटं. साट्यात दोघी एका घरात कधी नांदतच नाहीत. एकीची गाडी आली की दुसरीची निघते. लग्नानंतर होळी आली की ती दिवस मोजायची ते आईसाठी नव्हतं. सगळ्या जन्माचा गुंता त्या धुण्याच्या दगडावर सुटला आणि जासूदला एकदम हसू आलं. मी आजारी नाही! कुणी मला धरलेलं नाही! मग लगेच भीती वाटली, कारण आता हे कुणाला सांगायचं?

न सांगता चाललंही असतं. पण शनिवारी दुपारी दोघी अंगणात एरंडाची बोंडं झोडत बसल्या होत्या, विरम जासूदच्या मांडीवर होता, आणि केसर रडायला लागली.

"जा ना गं, बेन. काय कमी केलं माझ्या भावाने? उद्या मला नेतील. धरा तर ओरडून जीव देईल. आणि ह्याला कोण पाजणार, तुझी आई?"

"मला कळतंय सगळं."

"कळतंय तर सांग तरी, कोण आहे तो? मी कुणाला बोलणार नाही. विरमची शपथ."

"तो नाहीच आहे कुणी," जासूद म्हणाली. "पुरुषावर माझं मन जातच नाही, भाभी. कुठल्याच. ते जातं ते तुझ्यावर. मला काही नको तुझ्याकडून. विचारलंस म्हणून सांगितलं."

आधी केसरला वाटलं थट्टा चाललीय, मग तिने जासूदचा चेहरा पाहिला. ती उठली आणि तिने पोराला तिच्या मांडीवरून खेचून घेतलं.

"छी!"

"भाभी, मी कधी हात तरी लावलाय का तुला?"

"नाही लावलास. पण मी तुझ्यासमोर पोराला पाजत होते ना!" केसरचा आवाज चिरकला. "बहीण समजून पाजत होते. आजपासून खोलीत पाऊल टाकू नकोस. पडवीत झोप, गोठ्यात झोप, कुठेही मर. आणि उद्या चौकात माझं नाव घेतलंस तर बघ."

"नाही घेणार."

ती आत गेली आणि तिने आतून कडी घातली. भर दुपारी त्या घरात कडी कधी लागली नव्हती. जासूद उरलेली बोंडं झोडत बसली. कुणीतरी झोडायलाच हवी होती.

रविवारी चौकात खाटा टाकल्या. गावचे पंच मोघजीबापा मधल्या खाटेवर, एका अंगाला थरोड्याची माणसं, दुसऱ्या अंगाला हमीर आणि भाऊबंद. बायका भिंतीशी, घुंगट ओढून. करसन बापाच्या मागे खाली मान घालून बसला होता. देवजीने चहाला हात लावला नाही.

"वर्ष होत आलं," तो म्हणाला. "माझ्या पोराने काय भजन करत बसायचं? जासूद द्या, नाहीतर केसर द्या."

"पोरी, पुढे ये," मोघजीबापा म्हणाले. "कुणाशी आहे तुझं? नाव सांग. त्या माणसाला आम्ही बघून घेऊ, तू मुकाट नांदायला जा."

सगळे नावाची वाट बघत होते. त्या साऱ्या चौकाला पुरुषाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. केसर भिंतीशी उभी होती, पोराला इतकं घट्ट धरून की ते कुरकुरत होतं.

"बापा, माणूस नाहीच," जासूद म्हणाली. "मला पुरुष नको. हा नको, तो नको, कुठलाच नको. माझं मन बायकांकडे जातं. लहानपणापासून. मला कळायला उशीर झाला, एवढंच."

आधी एक जण फिसकन हसला. मग चौघे हसले. मग कुणीच हसेना. बाने पायातली चप्पल फेकली, ती खाटेच्या पायावर आपटली. "जन्मली तेव्हाच नरडं दाबायला हवं होतं!" हमीर उठला, त्याला भाऊबंदांनी धरलं. "कोण बाई? नाव सांग तिचं!" कुणीतरी ओरडलं.

"कुणी बाई नाही. मी आहे तशी आहे."

करसनने पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणजे माझ्यात काही खोट नव्हती?" त्याने विचारलं, आणि भर चौकात विचारल्याची त्याला लाजही वाटली.

"तुमच्यात काही खोट नव्हती," जासूद म्हणाली. "माझ्या चुकीने तुमचे दिवस गेले."

"गप बस रे!" देवजी खेकसला.

मोघजीबापा थुंकले. "राम राम राम. म्हशीला लाज असते. अशी पोर आम्हाला मेली!"

"मेली म्हणालात ना, बापा?"

"मेलीच!"

"मग नावाने आंघोळ करा माझ्या," जासूद म्हणाली. "मेलेलीचं साटं मोडत नाही. काकी वारली तेव्हा तिच्या साट्यातली आत्या तिकडे नांदत राहिलीच. हाच आपला रिवाज. केसरभाभी इथे राहील. आणि बायको मेलेल्याला दुसरी करायला कुणाची आडकाठी नसते."

"ही तर धडधडीत जिवंत उभी आहे!" देवजी ओरडला. "हा काय पोरखेळ लावलाय?" पण मोघजीबापा चौकात बोललेला शब्द गिळणार कसे? गिळला असता तर उद्या त्यांच्या खाटेला कोण विचारणार? त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"बघ हं, पोरी. आंघोळ झाली की मागे फिरणं नाही. तुला आई नाही, भाऊ नाही. या वेशीच्या आत तुझं नाव कुणी काढणार नाही."

"कळलं."

"पाणी काढ, हमीर," बा म्हणाली. "आत्ताच काढ. माझं मन फिरायच्या आत काढ."

जासूद आत जाऊन पिशवी घेऊन आली. दोन कपडे आणि मंडळीत मिळालेला स्वेटर. आणंदला कोकिलाची खोली लहान आहे, पण ये म्हणाली होती. ती बाहेर आली तेव्हा बोअरची मोटर चालू झाली होती आणि हौदावर आंघोळी लागल्या होत्या. पौषातलं पाणी, दात वाजवणारं. सुतकाचं पाणी तापवत नाहीत. हमीरने भराभर तांबे ओतून घेतले. बा नेसत्या कपड्यांनिशी बसली, पाणी घेतलं आणि मोठ्याने गळा काढला. मेलेल्या लेकीसाठी काढायचा असतो तसाच काढला, आणि मग तो तिला आवरेना.

मग केसर आली. तिने स्वतःवर पाणी घेतलं, धराला घातलं, ती मुकाट थरथरत उभी राहिली. मेलेली आत्या म्हटल्यावर तान्ह्यालाही सुटका नव्हती. केसरने विरमच्या डोक्यावर तांब्या उलटा केला तसा त्याने टाहो फोडला.

"अगं, त्याच्या कानात जाईल! बोट धर कानावर!" जासूदच्या तोंडून निघून गेलं.

कुणीही मान वळवली नाही. बा रडत राहिली, हमीर अंग पुसत राहिला. केसरने पोराला ओल्या खांद्यावर टाकलं, ओढणीच्या टोकाने त्याचा एक कान पुसला, मग दुसरा, आणि जासूदकडे पाठ करून ती घराकडे चालू लागली. विरम तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. जासूद दिसली तसा तो रडायचा थांबला आणि उचलून घे म्हणून त्याने दोन्ही हात पुढे केले.

जासूदने पिशवी उचलली.