उसव

"बोल ना आई, मी शिकायला आलेय असं समज," दानबी बूट चढवत म्हणाली.

बुन्रेनं कापड उचललं. "नुबी म्हणजे... दोन कापडांच्या मध्ये कापूस घालून..." तिनं कापड पुन्हा खाली ठेवलं.

"एवढं तर दुकानातल्या पाकिटावरही लिहिलेलं असतं."

"तू जा बाई कामाला."

दहा वाजता गावच्या सभागृहात बुन्रेचा नुबी शिकवण्याचा पहिला वर्ग होता. कालवं सोलायच्या शेडमधल्या बारा बायकांनी नावं दिली होती. सभागृहाच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "हातानं नुबी घालणारं तुमचं एकच घर उरलंय गावात. आज जमलं नाही तर हॉल मशीनवर शिवणाऱ्यांना देऊन टाकू."

तसं बुन्रेला सगळं येत होतं. कापडातला एक धागा सुईनं उचलून अलगद ओढायचा, त्याच्या जागी उमटलेल्या रेषेवरून धावदोरा घालायचा. पण सांगायचं कसं? तिला तरी कुणी सांगितलं होतं? एकतीस वर्षं सासूबाई शेजारी बसल्या, प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं आणि एकच शब्द बोलल्या, "उसव." ओळ साधली तर तेवढाही नाही.

त्या आता आतल्या खोलीत पडून असत. गेल्या थंडीपासून त्या सुनेला ओळखत नव्हत्या, ताई म्हणत होत्या. बुन्रे त्यांच्या उशाशी जाऊन बसली.

"आई, बायकांना पहिलं काय सांगू हो? एक वाक्य तरी द्या."

"बोटी आल्या का, ताई?"

"आल्या."

घड्याळात नऊ वाजून गेले. बुन्रेनं सुई घेतली आणि मुद्दाम रेषा सोडून वाकडी ओळ घातली. लहान पोरालाही दिसावी इतकी वाकडी. मग म्हातारीचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं.

बोट सरकत गेलं. वाकड्या जागी थांबलं. बुन्रे पुढे झुकली. उसव म्हणा, आई. एकदाच म्हणा.

"छान," सासूबाई हसल्या. "कुणी शिवलंय हो, ताई? हात फार सुरेख आहे."

या एका शब्दासाठी बुन्रे एकतीस वर्षं आसुसली होती.

"तुमच्या सुनेनं," ती म्हणाली आणि ओळ उसवायला सुई टाक्याखाली घातली. म्हातारीनं कापड छातीशी ओढून घेतलं.

"उसवू नका ना. चांगलं आहे ते."

शेजारीण म्हातारीच्या सोबतीला येऊन बसली. बुन्रेनं बारा बायकांची बारा कापडं पिशवीत भरली, अंगुस्तान बोटात चढवलं. बायकांना दाखवायचं तेरावं, तिचं स्वतःचं, म्हातारीच्या छातीशीच राहिलं. दारातून तिनं एकदा वळून पाहिलं. म्हातारी डोळे मिटून वाकड्या ओळीवरून बोट फिरवत होती, पुन्हा पुन्हा, आणि कुठेच थांबत नव्हती.