नोझल तुंबलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना फवारणी पंप आहे. माझी दया येऊ देऊ नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा बिचाऱ्या असतात. मी बिचारा नाही. मी काय केलं ते ऐका आणि मग काय ते ठरवा.

पिवळी टाकी, काळी नळी, पितळेचं नोझल, पाठीला अडकवायचे दोन पट्टे आणि हाताने वरखाली करायचा दांडा, असा माझा थाट होता. कारखान्यातून मी थेट एका वसाहतीत आलो. चार इमारती आणि मधोमध हिरवळ. तिची देखभाल माळीकाकांकडे होती. त्यांनी मला पाठीवर घेतलं ते एकवीस वर्षं. काम झालं की ते मला पुसून घरात दाराआड ठेवत. काकूंना माझा वास सहन होत नसे. "ही सवत कुठून आणलीत?" असं त्या म्हणत. काका हसत. खरं सांगतो, मलाही जरा बरंच वाटे.

दर पंधरा दिवसांनी माझ्या पोटात औषध भरलं जाई, कधी तणाचं, कधी किडीचं. सगळे त्याला औषध म्हणत, म्हणून मीही डॉक्टरच्या तोऱ्यात वावरत होतो. वसाहतीचे अध्यक्ष पाहुण्यांना गॅलरीत नेत आणि म्हणत, "एक तण शोधून दाखवा, पैज!" मी शेफारलो होतो. मातीतली गांडुळं दिसेनाशी झाली, साळुंक्या येईनाशा झाल्या, हे माझ्या गावीही नव्हतं.

माझ्या नोझलचं छिद्र सुईच्या टोकाएवढं. त्यात गाळ अडकला की ते तुंबे. काकांकडे त्यावर एकच उपाय होता. नोझल काढायचं, ओठांना लावायचं, जोरात फुंकायचं, थुंकायचं आणि पुढे चालू. काकांना हे काम शिकवणारे त्यांचे मामाही असंच करत. काकू ओरडत. काका ते कानाआड करत.

मग तळमजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहायला आल्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणू लागले. पहिल्याच फवारणीला त्यांनी खिडकी लावून घेतली. तासाभराने उघडली, तर ओल्या गवतावर मुलं लोळत होती आणि एक रांगतं बाळ गवत उपटून तोंडात घालत होतं. हातातला चहा तसाच ठेवून त्या धावल्या.

पुढच्या फवारणीला त्यांनी हिरवळीच्या कडेला पुठ्ठा लावला : 'आज इथे विष मारलं आहे.' हिरवळ ओस पडली. अध्यक्ष चिडले. सिस्टरबाई मात्र कागद घेऊन दारोदार फिरू लागल्या. बागेतली फवारणी बंद करा, एवढंच त्यावर लिहिलं होतं. काही जणांनी सह्या दिल्या, काहींनी नुसता चहा दिला.

माळीकाकांनी दोन्हींपैकी काहीच दिलं नाही. "बाई, तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले, "पण औषध बंद झालं तर मला कशाला ठेवतील? माझ्या पोटावर पाय देऊ नका." सिस्टरबाई तिथेच पायरीवर बसल्या आणि कागदावर आणखी एक ओळ लिहिली : तण हाताने काढावं आणि काकांचं काम कायम राहावं. काकांनी ती ओळ दोनदा वाचली. सही मात्र केली नाही.

शेवटी सभा भरली. "सगळं नियमाने होतं," अध्यक्ष म्हणाले. प्रात्यक्षिक दाखवायला त्यांनी मास्क आणि हातमोजे आणले होते, नवेकोरे, दुकानाची चिठ्ठीही न काढलेले. माझ्या पोटात त्या दिवशी नुसतं पाणी होतं. काकांनी सगळा साज चढवला, मला पाठीवर घेतलं आणि दांडा हलवला. दोन फवारे उडाले आणि नोझल तुंबलं.

मी मुद्दाम तुंबलो, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? तळाचा गाळ वर आला, एवढंच.

काकांनी हातमोजे काढले, मास्क खाली ओढला, नोझल ओठांना लावलं, फुंकलं आणि थुंकले. मान वर केली तर सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती.

"मास्क लावून फुंकता येत नाही ना, साहेब," काका ओशाळून म्हणाले.

मागच्या रांगेतून काकूंचा आवाज आला, "एकवीस वर्षं सांगतेय मी. एकवीस वर्षं!" त्या बाळाच्या आईने पेन मागितलं. नंतर सह्यांना जागा पुरेना. सर्वांत शेवटी काका उठले. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून सही वाकडी आली. तो हात अजून थरथरतो. वयामुळे की माझ्यामुळे, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. मला मात्र माझाच संशय येतो आणि तो जात नाही.

वसाहतीत फवारणी बंद झाली. आता गावातल्या सगळ्या बागांसाठी नवा कागद फिरतो आहे. मला झाडांना पाणी घालायला वापरावं, असं कोणी तरी सुचवलं. सिस्टरबाईंनी साफ नकार दिला आणि काकांनी माझ्या टाकीला तीन भोकं पाडली. हल्ली मी फाटकापाशी सह्यांच्या टेबलावर बसतो. मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, दुरुस्त करा. मला दुरुस्त करू नका. जपायचंच असेल तर ज्यांच्या पाठीवर मी होतो, त्यांना जपा.

परवाची गोष्ट. काका खुरपं घेऊन हिरवळीत बसले होते. आता तिथे तण आहे, गांडुळं आहेत आणि त्या दिवशी एक साळुंकीही आली होती. ते रांगतं बाळ आता चालतं. त्याने गवतातलं एक पांढरं, कापसासारखं फूल तोडलं आणि ओठांशी नेलं. काका दचकले. त्यांचा थरथरता हात झटकन पुढे गेला आणि मध्येच थांबला. त्या फुलातली बी उडाली तर उद्या त्यांनाच जास्त खुरपावं लागणार होतं.

"फुंक, बाळा," काका म्हणाले. "फुंक."