गुरुबसप्पाचा पाना

मी एक जुना, लांब दांड्याचा पाना आहे, मित्रांनो. रेल्वेच्या कारखान्यात घडलो आणि रुळांचे बोल्ट आवळायला पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात गेलो. तिथे मला गुरुबसप्पाच्या हाती दिलं. तो जळकोटकडचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून थकला, तेव्हा बायकोला, नीलम्माला घेऊन नोकरीसाठी एवढ्या लांब आला होता.

रोज तो रुळाच्या कडेने चालायचा. ढिला बोल्ट दिसला की मला लावून आवळायचा. मग गाडी धडधडत जायची, खिडक्यांतली माणसं हात हलवायची. त्याला फार बरं वाटायचं. मलाही.

त्या मुलखात वेगळा देश मागणारे बंदूकवाले होते. ते पूल उडवायचे, स्टेशनं जाळायचे. एके दुपारी नीलम्मा जेवण घेऊन रुळावर आली आणि बांबूच्या बनातून ते बाहेर पडले. एकाने तिच्या कपाळाला बंदूक लावली. दुसरा गुरुबसप्पाला म्हणाला, "पटरी खोल."

"खोलू नका!" नीलम्मा ओरडली. "अवं, गाडी यायलीय!"

गुरुबसप्पाने तिच्याकडे पाहिलं आणि मला उचललं. जे बोल्ट आम्ही दोघांनी आवळले होते, तेच आम्ही सोडवले. मी घसरायला हवं होतं. घसरलो नाही. मी चांगला घडलेला होतो.

दोघांना बांबूला बांधून ते निघून गेले. गाडी आली. गुरुबसप्पा घसा फुटेस्तोवर ओरडला. इंजिन त्याच्या डोळ्यांदेखत कलंडलं, डबे एकमेकांवर चढले आणि मग आतून माणसांच्या हाका येऊ लागल्या.

चौकशी झाली. "तुझा इलाज नव्हता," असं साहेब म्हणाले. नोकरी राहिली, पण गुरुबसप्पाला रुळावर उभं राहवेना. नोकरी सोडून तो गावी परतला. मला कुणी जमा करून घेतलं नाही; त्याच्या पेटीतून मीही आलो. तो नोकरीला गेला तेव्हा गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आता नव्या लातूर जिल्ह्यात आलं होतं. पाऊस मात्र तसाच रुसलेला.

गावकरी म्हणायचे, "बायकू वाचिवलास, लई मोठं काम केलास!" हे ऐकलं की नीलम्मा उठून आत जायची.

एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "तवा मला मरू द्यायचं व्हतं तुमी."

"तुला कसं मरू देऊ?"

"मग त्या गाडीतल्यांच्या बायका? त्यांनी काय करावं?"

नीलम्माने मला उचललं, विहिरीवर नेलं आणि आत सोडून दिलं. मी तळाच्या खडकावर आपटलो. बुडायलाही पाणी नव्हतं.

त्यानंतर तिने अन्न सोडलं आणि ती गेली, हे मला काठावरच्या बायांच्या बोलण्यातून कळलं. गुरुबसप्पा आता कुणाशी बोलत नाही म्हणे.

मित्रांनो, अवजारं पुसून, तेल लावून ठेवा. आणि ज्यांच्या हाती ती देता, त्या माणसांना एकटं सोडू नका. त्या दुपारी नजर पोचेल तिथवर रूळ होता, आणि गुरुबसप्पाच्या पाठीशी कुणीच नव्हतं.