पिशवी रिकामी, पण दिवस गेलेले

मी एक जुना सोनोग्राफीचा डबा आहे. डबा हे नाव मला नवं रंगीत यंत्र आल्यावर पडलं. त्याआधी आटपाडीच्या या दवाखान्यात माझा काय थाट होता म्हणून सांगू, मित्रांनो! बारा वर्षं मी आयांना बाळाच्या काळजाची धडधड दाखवली. मुलगा की मुलगी, हे मात्र कुणाच्या बापाला सांगितलं नाही. मग एक दिवस अंगावर चादर पडली आणि मी कोपऱ्यात गेलो. फार वाईट वाटलं.

गेल्या ज्येष्ठात त्या रंगीत शहाण्याचा पडदा गेला. त्याच दुपारी मेंढक्यांच्या वस्तीवरच्या रंगूबाई आपल्या सुनेला, सोनियाला, घेऊन आल्या. पोरगी पोट धरून वाकलेली, ओठ पांढरेफटक.

“चार दीस भाईर बसलीया,” रंगूबाई म्हणाल्या. “पोटात दुखतंय म्हनली. म्या म्हनलं, पाळीत दुखतंयच की! आज उठाया गेली न् चक्कर यिऊन पडली.”

पाळीतल्या बाईला त्यांच्यात शिवत नाहीत. त्यामुळे चार दिवस तिच्या जवळ कुणी फिरकलंच नव्हतं.

डॉक्टर अंकिता मॅडमनी सोनियाला विचारलं, “याआधीची पाळी कधी आलेली?”

“दोन म्हैनं व्हत आलं. आन् ह्या टायमाला थोडं थोडंच जातंय, काळपट.”

“लघवी तपासू. दिवस गेलेत का ते बघू.”

“आवं, भाईर बसलेलीला कुठलं दिवस?” रंगूबाई म्हणाल्या.

पण तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या!

मॅडमनी माझ्यावरची चादर ओढून काढली. मी जीव खाऊन सुरू झालो. गर्भपिशवी दाखवली, तर ती रिकामी. मग गर्भ गेला कुठं? मॅडमनी पोटावर फिरवायचा माझा दांडा, म्हणजे प्रोब, उजवीकडे सरकवला. तिथं गर्भनळीत अडकलेली एक बारीक गोल कडी मी स्वच्छ दाखवली, आणि पोटात सांडलेलं रक्तही.

“गर्भ पिशवीत नाही, नळीत रुजलाय,” मॅडम म्हणाल्या. “नळी फुटलीय. हे पाळीचं रक्त नव्हतंच. आत्ताच ऑपरेशन केलं नाही तर सोनिया हाती लागणार नाही.”

शिवाशिव विसरून रंगूबाईंनी सुनेला पोटाशी धरलं. “करा! माझं रगात घ्या, पर पोरगी वाचवा!”

आणि सोनिया वाचली, मित्रांनो! गर्भ गेला, उजवी नळी गेली, त्याचं वाईट वाटतंच. पण डावी नळी शाबूत आहे, पुन्हा दिवस जाऊ शकतात. त्या दिवशी मॅडमनी माझी पाठ थोपटली.

महिन्याभरानं दोघी तपासणीला आल्या.

“डाक्टरीनबाई, आता वस्तीवर कुनी भाईर बसली की मी तिच्या शेजारी बसून भाकरी खाती,” रंगूबाई म्हणाल्या. “लय दुखतंय म्हनली की उचलून हितं आनती.”

मित्रांनो, माझ्यावर खुशाल चादर टाका. तेवढीच धूळ बसत नाही. पण दुखतंय म्हणणाऱ्या बाईला एकटं बसवू नका. तिच्या जवळ जा आणि कुठं दुखतंय ते विचारा.