सरळ वाक्यात सांगा, चिंतामणी!

मी पिवळा हायलायटर बोलतोय. बोलणं थोडं पुढंमागं होईल, कारण आज माझं डोकं ठिकाणावर नाही!

देवासच्या एका दुकानातून मला कमलताईंनी आणलं. ताई इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही, घरीच शिकवण्या घेतात. माझं काम एकच: इंग्रजी वाक्यातलं विशेषण उपवाक्य पिवळं करायचं. "नामाला विचारा, कोणता? कोणती? जो तुकडा उत्तर देईल, तो रंगवा," ताई सांगत.

यंदा चिंतामणी शिकवणीला आले. साठी उलटलेले, विधुर. त्यांना मांडूला परदेशी पाहुण्यांचे गाइड व्हायचं होतं. 'दॅट' दिसला की ते पुढच्या सगळ्या शब्दांवरून मला पळवत.

"'आय नो दॅट ही लेफ्ट,' यात 'दॅट'च्या मागे नाम कुठंय?" ताईंनी विचारलं.

"अरे भिया, नामच नाही!" ते ओरडले आणि जीभ चावली.

"मी भिया? म्हणजे भाऊ?" ताई इतक्या हसल्या की मी टेबलाखाली गडगडलो. त्यानंतर चिंतामणी मुद्दाम चुकू लागले. मला कळत होतं, ताईंना नव्हतं.

गाइडच्या कामासाठीची मुलाखत उत्तम झाली, ते गाइड झाले. तरी शिकवणीला आलेच. ताई म्हणाल्या, "आज वाक्य तुम्ही लिहा, उपवाक्य मी शोधते."

त्यांनी लिहिलं: 'द टीचर हू लाफ्स ॲट माय मिस्टेक्स इज द वुमन हूम आय विश टू मॅरी.' म्हणजे, माझ्या चुकांवर हसणाऱ्या बाईंशीच मला लग्न करायचंय!

ताईंनी सवयीनं मला फिरवलं. 'हू लाफ्स ॲट माय मिस्टेक्स', पिवळं. 'हूम आय...' तिथं हात थबकला. माझी शाई तिथंच पसरली.

"चुकलं का, कमलताई... कमल?"

"'हूम' बरोबर आहे," ताई खाली बघत म्हणाल्या. "पण एवढी मोठी गोष्ट कोणी उपवाक्यात सांगतं का? सरळ वाक्यात सांगा की!"

चिंतामणींनी लिहिलं, 'आय विश टू मॅरी यू.'

यात उपवाक्य एकही नव्हतं. तरी ताईंनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं!

आज सकाळी लग्न लागलं. आता गाडी मांडूचा घाट चढतेय. मी नवरदेवाच्या खिशात आहे, शाई संपत आलीय. संपली की खुशाल टाकून द्या. पण आत्ता नको! दोघं मागच्या सीटवर इंग्रजीत भांडताहेत, तेवढं ऐकू द्या.