लोक्वोर, म्हणजे मी बोलते

धाकटी बोलताना अडखळायची. लहानपणी पाहुणे आले की आई तिला पाणी आणायच्या निमित्ताने आत पिटाळायची आणि तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दादा देऊन टाकायचा. म्हणूनच की काय, ज्या भाषेत आता कोणी गप्पा मारत नाही त्या लॅटिनमध्ये तिचा जीव रमला. त्यात ती एम.ए. झाली आणि अर्ज केला तो थेट शिक्षिकेच्या जागेसाठी. दादाने कपाळाला हात लावला.

मुलाखतीत मुख्याध्यापकांनी तिची दोन वाक्यं ऐकली आणि अगदी मायेने सुचवलं, की वर्गाचं राहू द्या, ग्रंथालयात जागा आहे. नमुना पाठ सगळ्याच उमेदवारांना घ्यायचाय ना, मग मीही घेणार, असं ती म्हणाली. म्हणायला वेळ लागला, पण म्हणाली.

पाठ होता डेपोनंट क्रियापदांचा, म्हणजे रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी अशा क्रियापदांचा, नववीच्या वर्गावर. पुस्तकात सोपं उदाहरण होतं. तिने मात्र लोक्वोर घेतलं. 'ल'वर तिची गाडी हमखास रुतायची, तरीही.

"लो... लो..."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. शेवटच्या रांगेत बसलेल्या मुख्याध्यापकांना राहवेना. "लोक्वोर म्हणायचंय त्यांना," ते म्हणाले.

तिने खडू खाली ठेवला.

"सर, शब्द माझ्या तों... तोंडात होता. तो मीच पुरा करणार."

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शब्द पुरा केला. मग फळ्यावर लिहून समजावलं. आमो म्हणजे मी प्रेम करते, आमोर म्हणजे माझ्यावर प्रेम केलं जातं. त्या हिशेबाने लोक्वोर म्हणजे 'मी बोलली जाते' व्हायला हवं. पण त्याचा अर्थ सरळ 'मी बोलते' असाच आहे.

एका मुलीने विचारलं, "बाई, मग असं उलटं रूप ठेवलंच कशाला?"

प्रश्न तिच्या आवडीचा होता. ती सांगत गेली, की जुन्या व्याकरणकारांना वाटलं, या क्रियापदांनी कर्मणी अर्थ उतरवून बाजूला ठेवला, म्हणून त्यांना डेपोनंट, म्हणजे 'उतरवून ठेवणारी', हे नाव पडलं. खरं तर तो अर्थ त्यांच्या अंगावर कधी नव्हताच. फार पूर्वी कर्तरी आणि कर्मणी यांखेरीज तिसरा एक प्रयोग होता, करणारा स्वतःच त्या कामात गुंतलेला असेल तेव्हाचा. संस्कृतातलं 'भाषते' आत्मनेपदी असतं, त्याच्याच नात्यातला. लोक्वोरचा मूळ धातू कोणता, यावर मात्र पंडितांचं अजून एकमत नाही.

मग ती रूपं म्हणू लागली. लोक्वोर, लोक्वेरिस, लोक्वितुर. मी, तू, तो किंवा ती. लोक्विमुर. तेवढ्यात घंटा झाली. काही मुलं दप्तरं उचलून पळाली, मुख्याध्यापकही उठले.

"अजून रूपं रा... राहिलीत," ती म्हणाली, आणि उरलेल्यांसमोर ती म्हणून टाकली. लोक्विमिनी, लोक्वुंतुर. जाता जाता भूतकाळही सांगितला: पुरुष म्हणेल लोकूतुस सुम, बाई म्हणेल लोकूता सुम. मी बोलले.

नोकरी मिळाली दुसऱ्याच एका उमेदवाराला. त्याची जीभ लोण्यासारखी होती. "तरी सांगत होतो," दादा म्हणाला. ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तीन शाळांत अर्ज धाडले, तिन्ही शिक्षिकेच्याच जागेसाठी.

सत्राच्या मध्यावर तो गोडबोल्या जास्त पगारावर दुसरीकडे निघून गेला आणि मुख्याध्यापकांचा घरी फोन आला. दादाने उचलला आणि सवयीने तिच्या वतीने 'हो, हो, येईल की' सुरू केलं. तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"येईन," ती म्हणाली. "पण तोंडी परीक्षा मी स्वतः घे... घेणार. आणि माझं वाक्य मध्येच कोणी पुरं करायचं नाही."

पलीकडे शांतता पसरली. दादा हातवारे करून काहीतरी सुचवत होता. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. थांबण्याची तिला सवय होती, मुख्याध्यापकांना नव्हती.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "सोमवारी या."